प्रज्ञाताईंनी सणसरात आणलेली साथ

सणसरच्या विहारात जमलेल्या आयाबहिणींनो, तात्या, आबा, आणि बारामतीहून आलेल्या डॉक्टर मंडळींनो,

माईक हातात घेतलाय खरा. कालपासून मनात वाक्यं जुळवतेय. समोर ताईंचा हार घातलेला फोटो दिसला आणि सगळी पळून गेली. तुम्हीच सांभाळून घ्या.

मी सविता, काटेवाडीची. आपल्या प्रज्ञाताई साथरोगांच्या डॉक्टर. साथ कुठून उठली, कशानं पसरली, याचा माग काढणाऱ्या. बारामतीत साथरोगांच्या संशोधनाची परिषद भरते, तिथली कार्यशाळा त्या घ्यायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली असायची. गेल्या आठवड्यात त्या बसल्या जागी गेल्या. एवढं सांगून खाली बसावं, तर मला बसवत नाही. ताई आठवल्या की मला आधी हसू येतं, मग रडू येतं. आज हसू आलं तर रागावू नका.

आठवतेय ना, मागच्या परिषदेतली आपली खोटी साथ?

परिषद म्हणजे कसं, गार हॉल, पडद्यावर आलेख, एका सत्रामागून दुसरं सत्र, मध्ये चहा. ताईंना ते पुरायचं नाही. त्या म्हणाल्या, सविता, साथ हॉलमध्ये येत नाही, गावात येते. कार्यशाळा माझ्या सणसरात घ्यायची. आणि घेतली. असं धरायचं ठरलं की त्यांचे थोरले भाऊ, आपले गौतमतात्या, यांच्या घरी गृहप्रवेशाचं जेवण झालं. बासुंदी नासकी होती. ज्यांनी खाल्ली ते आजारी पडले. कोणी आजारी व्हायचं, कोणी धडधाकट राहायचं, हे ताईंनी घरोघरी जाऊन समजावलं. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी दारोदार विचारत बासुंदीपर्यंत पोचायचं. किती सोपं.

पण तुम्ही मंडळी! शांताकाकूंना विचारलं, उलटी कशानं झाली? काकू म्हणाल्या, उन्हानं. बाजीरावांनी सांगितलं, माझं पोटच नाजूक. जेवण कसं होतं म्हटलं की सगळ्यांचं एकच, "लई झ्याक. तात्याच्या घरचं जेवान, त्यात काय इचारायचं?" वर प्रत्येक घरात चहा, कुठं चहाबरोबर शेव. काही डॉक्टरांनी तर नंतर जेवायला नको म्हटलं. आणि तात्या, तुम्ही. तुम्ही ताईंना बाजूला घेतलंत आणि खरंच खट्टू होऊन विचारलंत, "खोट्या जेवणातबी माझ्याच घरची बासुंदी नासली व्हय?"

संध्याकाळच्या सत्रात डॉक्टरांनी मोठ्या थाटात निष्कर्ष मांडला. सणसरात उष्माघात झाला आहे, जेवणाचा काही संबंध नाही.

ताई हसल्या. टेबलाला धरून हसल्या, पदरानं डोळे पुसले. मला वाटलं होतं, कार्यशाळा फसली. त्यांना मात्र घबाड सापडलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी माणसं खोटं बोलली नाहीत. त्यांनी यजमानाचा मान राखला. तुम्ही त्यांना जेवणाला नाव ठेवायला लावत होता. कोण ठेवेल?"

मग दुसऱ्या दिवसाचं सत्र. काय सत्र होतं ते! ताईंनी फक्त प्रश्न बदलला. जेवण कसं होतं, हे विचारायचंच नाही. विचारायचं, दुसऱ्यांदा काय मागून घेतलंत? कारण मागून घेणं म्हणजे यजमानाचा मान वाढवणं. ते कोण लपवील? डॉक्टर परत गल्लीत आले. शांताकाकू म्हणाल्या, बासुंदी. बाजीराव म्हणाले, बासुंदी, वाटीवर वाटी. जो आजारी, तो बासुंदी. जो धडधाकट, त्यानं मागून घेतला होता मसालेभात. दुपारची जेवणं व्हायच्या आत माग लागला. ते डॉक्टर हॉलमध्ये पोरांसारखे ओरडत शिरले. मी इतकी वर्षं आकडेमोड करते, पण माझ्या अंगावर काटा आला. आत्ता सांगतानाही येतोय, हे बघा.

म्हणून मी आज उभी आहे, फक्त रडायला नाही. या महिन्यात परिषद पुन्हा भरतेय. आयोजकांचं म्हणणं पडलं, सणसरचं सत्र रद्द करू, हॉलमध्येच ताईंना श्रद्धांजली वाहू, एक फोटो लावू. मी म्हटलं, नको. त्यांनी विचारलं, ताईंशिवाय गाव तयार होईल का? आज संध्याकाळपर्यंत सांगा. ते उत्तर माझ्याकडं नाही. ते या सतरंजीवर बसलंय.

सकाळी मी तात्यांकडं गेले होते. तात्यांनी आधी माझ्यापुढं चहा ठेवला. मग म्हणाले, "सविता, घरातलं मानूस खरंच गेलंय. आता खोटं आजारी कसं पडायचं गं?"

तात्या, तुमचं खरं आहे. मला इतकंच दिसतंय, की उद्या कुठल्या तरी गावात खरी साथ येईल. खरी लेकरं अंथरुणाला खिळतील. तिथं एखादा नवा डॉक्टर दारात उभा राहील आणि विचारेल, जेवण कसं होतं? लोक म्हणतील, लई झ्याक. तो परत जाईल. त्याला आधी तुमच्या दारात चुकू द्या. इथं चुकला तर आपण हसू. तिथं चुकला तर कोणाचं तरी घर रडेल. ताईंना याचीच घाई होती. शेवटच्या फोनवरही त्या हेच बोलत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, या वेळी मठ्ठा नासवू, बघू काय होतं.

आता ताईंसाठी आपण सगळे उठू, थोडा वेळ शांत राहू. शांतता संपली की बाकीच्यांनी बसावं. ज्यांना आपल्या दारात हे सत्र हवंय, त्यांनी उभं राहावं. मनात नसेल तर बसा. बसलात तरी आमचा कोणावर राग नाही, तात्या, तुमच्यावर तर नाहीच.

तात्या.

अहो तात्या, मी अजून उठा म्हटलं नाही.

चला मंडळी, आपणही उठू. ताई, जय भीम.