राहून गेलेलं तळं

नल्लकुंट्याच्या दवाखान्यात, शेजारच्या बाकावर, पायाला प्लास्टर घातलेल्या बाई नवऱ्याला म्हणत होत्या,

"माझ्यामुळे तुमचं डोंगरावरचं तळं बघायचं राहिलं."

"राहू दे, भामा. धबधबा बघितला की."

"तो पायथ्याशीच होता. मी शेवाळावर घसरले नसते, तर तुम्ही सगळ्यांबरोबर वर गेला असता."

"खरं सांगू? तू पडलीस आणि मी सुटलो."

"म्हणजे?"

"छातीत दाटून आलं होतं. पण सगळ्यांना ऐटीत सांगून बसलो होतो, वर पहिला मीच पोचणार म्हणून."

"अन् आठवडाभर मला आयता चहा देताय, तो त्याचाच होय?"

"हौ. उपकार फेडतोय."

"बरं झालं बाई, पडले ते. उठा, आधी तुमची छाती दाखवू."

"अगं, तुझा नंबर आलाय."

"येऊ दे. माझं प्लास्टर कुठं पळून जातंय?"