सतीशचा ज्वालामुखी

ज्वालामुखीचं विचारताय? मी एकच पाहिला, तोही विझलेला.

इंग्लंडात लीड्सला मी आणि सतीश ज्युनिअर डॉक्टर होतो. त्याचे वडील साताऱ्याला वारले आणि याचा पासपोर्ट व्हिसा वाढवायला पाठवलेला. सकाळीच दारात उभा. "गाडी काढ. एडिंबराला ज्वालामुखी आहे म्हणे."

"आत्ता?"

"आत्ताच."

चार तासांनी एडिंबराला पोचलो. टेकडीवर चढलो तर गवत, खडक आणि कुत्री फिरवणारी माणसं. मला राहवलं नाही. "अरे, हा केव्हाच थंड झालाय."

"माहितीये. पण अग्नी देताना मुलाला आगीजवळ असावं लागतं. पासपोर्टशिवाय मला एवढीच आग गाठता आली."

तेवढ्यात मोबाइल वाजला. स्मशानातून चुलतभाऊ विचारत होता, "दादा, देऊ का अग्नी?"

सतीशनं बूट काढले, दक्षिणेकडे तोंड केलं. "दे."

मग खाली बसून त्यानं खडकावर तळहात टेकला. बराच वेळ तसाच. "गरम लागतोय रे."

मीही हात लावला. खडक बर्फासारखा गार होता.

"हो," मी म्हणालो, "चांगलाच गरम आहे."