मी गेलो की वीज जाते

उडालेला बल्ब हातात घेऊन मास्तर विजेच्या सामानाच्या दुकानात रांगेत उभे होते. पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याने काउंटरवरच्या मिस्त्रीला पुरतं पेचात पाडलं होतं.

“गरम पाण्याचा शॉवर लावला की अख्ख्या घराची वीज जाते.”

“रोज?”

“मी आंघोळीला गेलो की रोज. ही गेली की कधीच नाही.”

“शॉवर एकच ना?”

“एकच. त्याचं माझ्याशीच काय वैर आहे, कळत नाही.”

“तुम्ही आत असताना बाहेर आणखी काही चालू असतं का?”

“मला काय ठाऊक? मी साबण लावून उभा असतो.”

“मी चहाचं आधण ठेवते,” आजी म्हणाल्या. “विजेच्या शेगडीवर. बाहेर आल्या आल्या ह्यांना हातात कप लागतो.”

“मग दोन्हींचा भार एकदम पडतो, आजोबा. आणि आजी आंघोळीला गेल्या की शेगडी कोण लावतं?”

“तेव्हा कोण कशाला लावेल?” आजोबांनी विचारलं.

आजींनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

“ते सगळं ठीक,” आजोबा म्हणाले, “पण बिघाड नेमका कुठे आहे?”

“शॉवरमध्ये नाही,” मिस्त्री म्हणाला. “हं, मास्तर, तुमचं काय?”

आपण कशाला आलो होतो, ते मास्तरांना क्षणभर आठवेना.