म्हाकूची दरीतली हाक

मंडळी, एक सांगा — हाक मारतं कोण? तोंड, की तोंडामागचा माणूस? सोपं वाटतं? मग ऐका!

पठारावर एक मेंढपाळ होता, म्हाकू त्याचं नाव. गळा असा, की "बिर्रर्र... ये ये येऽऽ" म्हणाला की मेंढरं चरणं सोडून पळत यायची! सगळ्यांत पुढं काजळी, गळ्यात घंटा बांधलेली मेंढी. ती वळली की कळप वळला!

एका बाजाराच्या दिवशी म्हाकूनं मोबाइल घेतला. काय देखणा! काळा, पातळ, कडेला तांबडी पट्टी, गाण्यांसाठी वेगळं बटण! दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, आवाज ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावर जाईल. अन् चार दिवस चार्जिंगचं नाव नको!" — हसताय काय? तुमच्या खिशातला काय कमी आहे? — आणि दुकानदार खोटं बोलला नव्हता बरं का! फोनमध्ये खोट नव्हती. एकही नाही. भय तिथंच होतं!

महिनाभर गाणी वाजली. मग म्हाकूच्या डोक्यात किडा वळवळला — आपली हाकच यात भरली तर? भरली! एकदा बटण दाबलं, की हाक पुन्हा पुन्हा वाजत राहायची. मेंढरं फोनभोवती, म्हाकू झाडाखाली आडवा! बायको हौसा म्हणाली, "अवो, तोंड भाड्यानं दिलंय का तुमी?"

"गप गं. घसा वाचतोय माझा!"

सहा महिने मेंढरांनी म्हाकूच्या तोंडची हाक ऐकली नाही. हौसा मात्र रोज संध्याकाळी स्वतःच्या गळ्यानं हाका मारून मेंढरं वाड्यात घ्यायची.

एका दुपारी म्हाकूनं फोन कड्यावरच्या करवंदीच्या जाळीला दोरीनं अडकवला. तिथं आवाज छान घुमायचा ना! हाक चालू ठेवली आणि झोपला. जाग आली — चारच वाजलेले, पण धुकं असं, की दहा पावलांपलीकडं काही दिसेना. जाळीवर नुसती तुटकी दोरी! आणि हाक?

हाक दरीतून येत होती!

"बिर्रर्र... ये ये येऽऽ."

म्हाकू वर उभा, आणि खालून म्हाकूच बोलावतोय! न दमता, न थांबता, गोड आवाजात! काजळी कड्याकडं निघाली. म्हाकू जीव तोडून ओरडला, "काजळे! फिर माघारी!" पण भीतीनं गळा फाटलेला. काजळीनं वळून पाहिलं — परक्या माणसाकडं पाहावं तसं. आणि पुढं गेली. घंटा वाजली... आणि बंद झाली. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. ओरडणं नाही, धडपड नाही. धुक्यात चालत जात होती, आणि नव्हती!

भाकरी घेऊन आलेली हौसा हे पाहून किंचाळलीच. मग तिनं हाक घातली. बेसूर, घोगरी, पण तिची! उरलेली मेंढरं थबकली, वळली आणि तिच्या लुगड्याला येऊन भिडली.

निम्मा कळप वाचला. संपलं? छे! चार्जिंग चार दिवसांचं होतं ना!

फोन खाली कुठल्या तरी कपारीत अडकलेला. हात पोचेना, माणूस उतरेना. चार दिवस दरीतून म्हाकू हाका मारत होता! माणसं कानांवर हात ठेवत. म्हाकूनं भीतीनं बोलणंच सोडलं. हौसा जेवता जेवता त्याचा दंड चाचपायची, "तुमी हितंच हाय न्हवं?"

चौथ्या दिवशी हाक बारीक झाली, थांबली. म्हाकूनं देवाला हात जोडले. वाड्याचं फाटक उघडलं आणि सहा महिन्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणाला, "बिर्रर्र... ये ये येऽऽ."

मेंढरांनी कान टवकारले. माना वर केल्या. आणि सगळी वळली — दरीकडं! तिकडंच बघत उभी राहिली. म्हाकू मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

अरेरे म्हणू नका, मंडळी! तुमच्या देव्हाऱ्यात सकाळी आरती कोण म्हणतं? आरत्या भरलेला डबा म्हणतो! सुरात, न दमता! आणि तुम्ही पांघरुणात. एक दिवस तुमच्यावर वेळ येईल. फाटक्या गळ्यानं तुम्ही हाक माराल. देव कान टवकारेल, मान वर करेल... आणि त्या डब्याकडं बघेल!

टाळ खाली ठेवा. पेटी बंद करा. आता ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं एकदा नाव घ्या. बेसूर चालेल. घ्या!

...घ्या ना! मंडळी, एवढी शांतता का?