नानांची समोरची खुर्ची

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे निवृत्त न्यायाधीश साहेब, आमच्या फर्मचे थोरले भागीदार, आजचे सत्कारमूर्ती नाना, वहिनी, आणि समोर बसलेल्या वकील बंधुभगिनींनो,

नानांबद्दल चार चांगले शब्द बोला, असा मला हुकूम आहे. चांगले शब्द मघाशी सगळ्यांनी बोलून संपवले. माझ्या वाट्याला उरलाय तो वैताग. तोच सादर करतो.

दिवाणी दाव्यांत उभा जन्म काढलेल्या या माणसाची कामाची तऱ्हा ठाऊक आहे ना? पक्षकार तावातावाने येतो. शेजाऱ्याने भिंत सरकवली म्हणतो. नाना सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "छान. आता उठा, त्या समोरच्या खुर्चीत बसा आणि शेजाऱ्याच्या बाजूने बोला." अहो, तो वकिलाकडे आलाय की नाटकाच्या तालमीला? आणि समोरच्याची बाजू धड मांडता येईपर्यंत हे मसुद्याला हात लावणार नाहीत! कितीतरी पक्षकार त्या खुर्चीतून उठून थेट घरी गेले, ते परत आलेच नाहीत. थोरले भागीदार कपाळावर हात मारून घ्यायचे. वहिनी, घरीसुद्धा हेच चालतं का हो? बघा, मान डोलावतायत!

परक्यांचं सोडा. मी तर यांच्याच हाताखाली शिकलो. वडिलांच्या घरावरून माझं आणि थोरल्या भावाचं फाटलं. आई गेली आणि दादाने तिच्या माडीवरच्या खोलीला कुलूप घातलं. मी तडक नानांकडे गेलो. वाटपाचा दावा, सरळ प्रकरण. तर म्हणाले, "बस खुर्चीत."

"नाना, मी स्वतः वकील आहे!"

"मग तर लवकर आटपेल."

कसलं आटपतंय! कोर्टात कुणाला ऐकत नाही मी, पण "माझ्या भावाचं म्हणणं असं की" इथेच माझी गाडी अडायची. वर्षानुवर्षं विचारतोय, दावा कधी? यांचं एकच, खुर्ची रिकामीच आहे. आज हे निवृत्त होतायत आणि माझा दावा जागच्या जागी! त्यावर कहर म्हणजे, मला न विचारता दादाला बोलावून तिसऱ्या रांगेत बसवलंय. काय म्हणावं या माणसाला?

ठीक आहे, नाना. पुरवतो तुमचा हट्ट. अध्यक्षमहाराज, थोडा वेळ जास्त घेतो.

माझ्या भावाचं म्हणणं असं की, आईला जिना चढवेना, पण झोपायचं तिला माडीवर, आपल्याच खोलीत. तिला पाठीवर घेऊन रोज वर नेलं ते त्याने. धाकटा फोनवर "आई कशी आहे?" विचारायचा आणि "बरी आहे" ऐकलं की ठेवून द्यायचा. ती गेल्यावर ती रिकामी खोली दादाला बघवेना, म्हणून कुलूप. आणि धाकट्याने किल्ली कधी मागितलीच नाही. एकदम स्वतःच्याच सहीची नोटीस धाडली.

झालं समाधान, नाना? आता तरी ती खुर्ची भंगारात काढा.

संयोजकांचे आभार, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत त्याचेही आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं गेलं असेल तर सभेने ते पोटात घालावं. दादा, तुला मी सभेत धरलेलं नाही. तुझी माफी वेगळी मागायची आहे. उठू नकोस रे, मीच खाली येतोय.