देवरावभाऊची नवी कडी

या ना ताई, आत या, चप्पल राहू द्या पायात, फरशी पुसाची बाकी आहे अजून. मी? मी काही नाई, सामान काढाले आलो — आधी जे पोरगी राहत होती ना इथी, तिचा भाऊ, चैतू. घरमालक येतातच आता. तुमाले काय, चहा आणतो म्हणाले? मले तं मिशीनवाल्याले आणतो म्हणून गेले. आणतील, दोन्ही आणतील, देवरावभाऊ लय सोयीचा माणूस आहे. तोवर मीच दाखवतो खोली. हा पंखा — बटन पाचवर ठेवा का एकवर, तो आपल्या मनानं फिरते. आणि सेफ्टीचं तं विचारूच नका. गेटवर कॅमेरा पाह्यला ना? मागच्या महिन्यातला आहे, रस्त्याकडे तोंड करून बसवला. बाहेरून कुत्रं आलं तरी दिसन. आतला माणूस नाई दिसत, पण आतल्याचं काय पाहाचं? आतल्या सगळ्यांचे कागद पोलीस ठेशनात जमा आहेत — आधार, फोटो, गावचा दाखला. तुमचे बी मागतील, द्या. आमी दिले होते. त्या समोरच्या खोलीतल्यानं बी दिले होते. सगळ्यात पक्के कागद त्याचेच, देवरावभाऊ कौतुकानं सांगत. आता त्या खोलीले पोलिसाईचं कुलूप आहे.

काऊन? — काऊन म्हणजे... आधीची पोरगी कुठी गेली म्हणून सांगतलं तुमाले? गावाले? खोटं नाई बोलले. गावालेच नेली आमी. जिवतीच्या वर, पहाडात आहे गाव, गाडीवाला घाट चढाले तयारच नव्हता. दिवसा असं सामान नेत नाई म्हणे. सामान.

बसा, बसा. गादी साफ आहे. उशी तेवढी पोलिसाईनं नेली.

सोमारी नाव तिचं, मी बाईच म्हणो. दवाखान्यात आयाचं काम, रात्रीची ड्युटी, म्हणून दिवसा झोपे. दुपारची गोष्ट आहे — खोल्याईच्या या लाइनीत लोकं होते, नळ चालू होता, कोणाच्या तरी घरी पापड सुरू होते. तो समोरचा मोबाईल चोराले आला, दरवाजा लोटला तं उघडला, बाई जागी झाली, आणि त्यानं उशी... मोबाईल बी कोणता, काच फुटलेला. इतके पक्के कागद असून!

हसू नका — नाई, नाई हसल्या तुमी, मले वाटलं. ऐका ना, एक गंमत सांगतो. आमच्या गावात कुलूप नाई. घरी कोणी नसलं का दारात काठी आडवी ठेवतात, बस. काठी दिसली का माणूस तिथूनच वापस. बाई इथी राहाले आली, पह्यल्याच दिवशी दारात झाडू आडवा ठेवला आणि गेली बाजारात! देवरावभाऊनं अख्ख्या लाइनीले सांगतलं, पोट धरून हसले. मग बाईनं एवढं मोठं कुलूप आणलं, बाहेरून लावाले. आतून कडी नव्हती. तिनं मागतली तं भाऊ म्हणे, आत तं तूच राहतेस, कडी कशाले? आमाले बी ते पटलं, ताई! घरात माणूस असलं का घराले कोण बंद करते? आमच्या इकडे तं दारातून आवाज देल्याबिगर कोणी पाय नाई टाकत. आमी समजलो, कुलूप लागते ते घर रिकामं असलं का.

आता भाऊ बयानात म्हणतात — कडी होती, पोरीनंच लावली नाई. पोलीस आले त्या दिवशी दरवाज्याकडे कोणी पाह्यलं नाई ना, सगळे गादीकडेच पाहत होते. आता ठेशनातले साहेब म्हणे, उद्या येतो, दाखवा कडी. तं हे पाहा, आज सकाळी उगवली. या, इकडे या, चमक पाहा कशी आहे! दुकानाचं स्टिकर बी नाई निघालं. लावा बरं तुमी. लावा ना, लोटा दांडी पूर्ण — जाते का? नाई जात. चौकटीत भोकच नाई! कडी बसवली आणि भोक पाडाचंच विसरले देवरावभाऊ. म्हणून तं मिशीनवाला. एक भोक पडलं का झालं, माई बाईच वेंधळी ठरली.

आणि मायले बी तेच पटलं आहे. चुलीजवळ बसून राहते न् म्हणते, काऊन नाई लावली व पोरी तू कडी? मी म्हटलं, माय, नव्हती कडी. तं म्हणे, एवढे मोठे लोक खोटं सांगतील का? तू दोन बुकं नाई शिकला, तुले काय समजते?

तुमचा मोबाईल मोठा आहे, ताई. फोटो येते ना? माया हा साधा, याच्यात नुसतं बोलता येते, न् बोलून तं पाह्यलं मी. एक काढा. कडीचा नाई — चौकटीचा, जिथी भोक नाई तिथचा. स्टिकर बी घ्या बाजूचं. साहेब पाहो का न पाहो, मायले दाखवाचा आहे. माया दोस्त आहे धनराज, त्याच्या नंबरवर पाठवा, मी सांगतो... काऊन, भेव वाटते? तुमचं नाव नाई घेत मी कुठी. खोली घ्या तुमी, नाई घ्या, मले काय करायचं? मी तं — असं नका पाहू मायाकडे. मी रडून नाई राह्यलो, थिनरचा वास आहे, स्टिकर काढाले आणून ठेवलं त्याईनं.

गाडी आली वाटते. काढा, ताई. आणखी एक, जवळून. गेला धनराजच्या नंबरवर? दोन टिकल्या आल्या?

या, देवरावभाऊ, या! मिशीनवाल्याले बी घ्या आत. भोक? पाडा ना, पाडा, आता खुशाल पाडा. ताईले दाखवली मी खोली. कडी लय आवडली तिले, फोटोच काढून घेतला. — काऊन, भाऊ, बसले काऊन असे? चहा सांडला ना.

तुमी निघा, बाई. जा. मी आहो इथी.