जावईबापूंच्या गाडीच्या स्प्रिंगा

आमी मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरात माझ्या वडलांचं शेड हुतं, गाड्यांची चाकं सरळ करायचं काम, आन् मशीन कसलं घेऊन बसलाय, दोन बाजूला दोन दोऱ्या ताणायच्या आन् पट्टीनं मोजायचं, त्यातच मी मोठा झालो. दोन हजार एकला थोरल्या भावानं भरलेल्या इमिग्रेशनच्या कागदावर हिकडं अमेरिकेत आलो, मी, बायको आन् आमची एकुलती एक वैशाली. एडिसनजवळ टायरच्या दुकानात लागलो तो आजपातूर तिथंच हाय. हितं गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली की पडद्यावर आकडे येत्यात, लाल म्हंजे चुकीचं, हिरवं म्हंजे बरोबर. काय सांगू तुमास्नी, मालकानं पहिल्याच महिन्यात माझं काम बघून म्हटलं, ह्या मशीनला तुझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई.

पोरगी शिकली, नोकरीला लागली, लगीन झालं पुण्याच्या मुलाशी, कॉम्प्युटरवाला, पार्सिपनीला ऱ्हातोय. जावईबापू बोलायला गोड, खोटं कशाला सांगू, पर चार लोकांत माझी वळख करून देताना सासरे ऑटोमोटिव्हमध्ये आहेत एवढंच म्हणायचे, टायरच्या दुकानात हायत असं कधी तोंडातनं आलं न्हाई. पुढं वैशूबी तसंच म्हणायला लागली. मला लई लागायचं ते.

मंग दोन हजार सातला अधिक महिना आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतंय, अनारसे, चांदीचं काहीतरी, आन् पुरणाचे धोंडे करून जेवायला घालायचं. बायकोनं आयसेलिनच्या देशी बाजारात जाऊन निरांजन बघूनबी ठेवलंतं. तर जावईबापूंचा फोन, बाबा, चांदी नको, ती कपाटात पडून राहते, मी स्प्रिंग आणि शॉक्सचा सेट ऑर्डर केलाय, गाडी दोन इंच खाली बसते, स्पोर्टी दिसते, तेवढा बसवून द्या, तेच माझं वाण. मला बरं वाटलं, काय लपवू. लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातचं काही मागितलंतं.

रविवारी ते आले, संगट वैशू आन् सात महिन्यांची नात ईशा. ड्राइव्हवेत गाडी उचलून मी दुपारपातूर चारी स्प्रिंगा बसवल्या, एक बोल्ट ढिला न्हाई. पर गाडी अशी दोन इंच खाली बसवली की चाकं वरनं आत झुकत्यात, आन् मंग टायर आतल्या कडेवरच चालतोय. बाहेरनं बघाल तर नवा कोरा, आतनं रबर झिजून पार तारा निघत्यात, खाली आडवं पडून बघितल्याबिगर कळतबी न्हाई. म्हणून लगेच अलाइनमेंट करायची, आन् स्प्रिंगा जरा दबल्या की दोन आठवड्यांनी परत एकदा. रविवारचं दुकान बंद. मी म्हटलं, ही हितंच ठेवा, माझी गाडी घेऊन जावा, उद्या सकाळी मी मशीनवर घेतो. तर म्हणाले, नाही बाबा, उद्या ऑफिसला हीच न्यायचीय, सगळ्यांना दाखवायचीय, वीकेंडला आणतो. वैशू पोरीला कडेवर घेऊन तिथंच उभी हुती, सगळं ऐकत हुती.

दुसरं गिऱ्हाईक असतं तर मी चावी दिली नसती, दुकानात असल्यांशी मी भांडलोय. पर जावई, त्यात अधिकातला, आत्ताच ओवाळून पाटावर बसवलेला, त्याला न्हाई कसं म्हणायचं. दिली चावी.

मंग मी फोन करत ऱ्हायलो. ते म्हणायचे, ह्या शनवारी येतो, पुढच्या शनवारी येतो. एकदा वैशूच बोलून गेली, बाबा, त्यांच्या ऑफिसातले लोक तुमच्या दुकानात येतात ना, त्यांना ऑकवर्ड होतं. म्हंजे सासरा काळ्या हातानं गाडीखालनं निघताना कुणी बघायला नको. लई राग आला मला. म्हटलं, मलाबी काय मान हाय का न्हाई, आन् फोन करायचं सोडून दिलं.

थंडीच्या तोंडाला वैशू एकटी ईशाला घेऊन त्याच गाडीतनं आमच्याकडं येत हुती, हायवेवर मागचा टायर फुटला, गाडी गरकन फिरली आन् कठड्यावर आदळली. ईशाला खरचटलंबी न्हाई. वैशूचा डावा हात कोपरात मोडला, दोन ऑपरेशनं झाली, अजून पुरता सरळ होत न्हाई. मी जाऊन टायर बघितला. बाहेरची नक्षी जशीच्या तशी, आतल्या कडेला हात फिरवला तर बोटात तार घुसली.

आता जावईबापू सगळ्यास्नी सांगत्यात, सासऱ्यांनी घरच्या घरी गावठी काम केलं. औंदाच्या गणपतीच्या जेवणात तर माझ्यासमोर सांगितलं. मी वैशूकडं बघितलं, म्हटलं आता तरी म्हणेल, बाबांनी गाडी ठेवून जा म्हटलं होतं. ती खाली बघून भात कालवत बसली. तिला त्यांच्याबरोबर संसार करायचाय, कळतंय मला. कळतंय म्हणून राग जात न्हाई.

निघताना एकटी घावली. म्हटलं, बाळा, तू तर ऐकलं हुतंस की. ती म्हणाली, ऐकलं बाबा, पण त्यांना त्यातलं काय कळत होतं? तुम्हाला कळत होतं.

दोघं सुखी ऱ्हावीत, एवढंच म्हणतो, आन् मनापासनं म्हणतो. रोज दहा-बारा गाड्या सरळ करून देतोय, माणसं पोरंबाळं बसवून बिनघोर घेऊन जात्यात. ईशा मात्र आज्जा, गाडी, आज्जा, गाडी करत माझ्या गाडीकडं पळती, तेव्हा वैशू तिला उचलून आपल्या गाडीत बसवती, आन् मी दार लावून देतो.